भोळा सांब

घराला दारं किती असावीत याबद्दल थोरामोठ्यांत एकमत नाही. चाळीतल्या खोलीला एक दार पुरतं, आणि तेही रात्री दहापर्यंत सताड उघडं असतं. कोकणातल्या घराला पुढचं दार, मागचं दार, न्हाणीकडचं दार आणि मांजर ज्यातून येतं ते कुणालाच न सापडलेलं दार, अशी चार तरी असतात. पुण्याच्या शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. दिल्ली, गणेश, खिडकी, मस्तानी आणि नारायण. पहिल्या बाजीरावानं १७३० साली वाड्याचा पाया घातला. कुठल्या दरवाजानं हत्ती यायचा आणि कुठल्या दरवाजानं भाजी यायची, हे त्या काळी ठरलेलं असणारच. घर बांधणारा माणूस आधी कोणकोण येणार याचा विचार करतो आणि मग सुताराला बोलावतो.

कॉम्प्युटरच्या दुनियेत असं नसतं. तिथं दारं आधी होतात, ती सगळी उघडी राहतात, आणि कोण येऊन गेलं याचा विचार मागाहून करायचा असतो. माझ्या घरातल्या कॉम्प्युटरला शनिवारवाड्याइतकीच, म्हणजे मोजून पाच दारं आहेत, हे मला वयाच्या ६८व्या वर्षी समजलं. तेसुद्धा जिन्यात.

हा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या भाच्याची कामगिरी. भाचा बंगळुरूला असतो. इतरांचे भाचे मामाकडे येताना पेढे आणतात, हा सॉफ्टवेअर आणतो. आमचा जुना कॉम्प्युटर हिनं शिवलेल्या फुलाफुलांच्या अभ्र्याखाली चार वर्षं समाधी लावून बसला होता. एका दिवाळीत भाच्यानं त्याला उठवलं, झटकलं, त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था भरली आणि जाहीर केलं, "मामा, आजपासून हा तुमचा फाइल सर्व्हर."

फाइल सर्व्हर म्हणजे घराचं सामाईक कपाट. कागद एका ठिकाणी ठेवायचे आणि घरातल्या कुठल्याही फोनवरून नाहीतर लॅपटॉपवरून बघायचे. आमच्या कपाटात आईचे ईसीजी गेले, माझे इन्कम टॅक्सचे कागद गेले, हिच्या भिशीचे हिशेब गेले, माझ्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा गेला, आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या गेल्या. आई ८९ वर्षांची आहे. जातं घरातून जाऊन पन्नास वर्षं झाली, पण ओव्या राहिल्या आहेत. भाच्यानं तिच्यासमोर फोन धरून त्या एकेक करून उतरवून घेतल्या. आईला पासवर्ड टाकायला सांगणं म्हणजे देवीला रांगेत उभं करण्यासारखं, म्हणून कपाट बिनकुलपाचं ठेवायचं ठरलं. फक्त भिशीच्या कप्प्याला पासवर्ड हवा, असं हिनं बजावलं. मृत्युपत्र उघड्यावर आणि भिशी कुलपात, ही वाटणी हिची आणि भाच्याची. मला कुणी विचारलं नाही. मृत्युपत्र करणाऱ्याला घरात तसाही फारसा मान नसतो.

"ह्याचं नाव काय रे?" आईनं विचारलं.

"सांबा," भाचा म्हणाला.

आईनं हात जोडले.

आजी, हा सांब सदाशिव नव्हे, असं भाच्यानं परोपरीनं सांगितलं. विंडोजवाली यंत्रं एकमेकांच्या फाइली बघतात ती एसएमबी नावाच्या भाषेत बोलून. ही भाषा १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली. १९९१ साल संपता संपता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्यानं दोन यंत्रांचं बोलणं तारेवर ऐकून ऐकून तसंच बोलणारा प्रोग्रॅम युनिक्सच्या यंत्रासाठी लिहिला. आपल्याकडे वाळवणाची राखण करता करता दोन शेजारणींचं बोलणं ऐकून साऱ्या आळीची माहिती होते, तसंच काहीसं. प्रोग्रॅमला त्यानं भाषेवरूनच नाव ठेवलं होतं, पण ते नाव एका कंपनीनं आधीच घेतलेलं निघालं. तेव्हा त्यानं कॉम्प्युटरलाच विचारलं, की एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमानं येतात असे शब्द शब्दकोशात कोणते? कॉम्प्युटरनं जी यादी दिली तिच्यात सामनबेरी नावाचं एक रानफळ होतं आणि सांबा हा ब्राझीलचा नाच होता. ट्रिजेलनं नाच निवडला. त्यानं फळ निवडलं असतं तर आईनं हात जोडले नसते.

पण आईचंच खरं होतं, हे पुढे कळलं. सांब म्हटला की तो भोळा. कुणीही दारात उभं राहावं आणि त्यानं तथास्तु म्हणावं. भस्मासुराला वर देताना त्यानं ओळखपत्र मागितलं नाही, की कुठल्या दरवाजानं आलास हे विचारलं नाही. कॉम्प्युटरमधला सांबाही असाच आहे. त्याला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो यंत्राला असतील तेवढ्या सगळ्या दारांशी जातीनं हजर राहतो.

आता जिन्यातली गोष्ट. एके सकाळी मी दूध घेऊन वर येत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी खाली येत होते. माझ्याजवळ येऊन ते थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "सेक्रेटरी, वडिलांची अंगठी भाच्याला देताय ते योग्यच आहे. पण मसुद्यात साक्षीदार एकच दिसतो. दोन लागतात. इंडियन सक्सेशन ॲक्ट, १९२५, कलम ६३."

आपण गेल्यावर लोक काय बोलतील याची प्रत्येकाला उत्सुकता असते. मला ते हातात अर्ध्या लिटरची पिशवी घेऊन, जिवंतपणी ऐकायला मिळालं.

त्याचा उलगडा असा झाला. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र सेक्रेटरीला घरी बसून दिसावं, म्हणून सोसायटीच्या जाळ्याची एक केबल माझ्या घरात आणलेली आहे, आणि भाच्यानं ती याच कॉम्प्युटरला लावली होती. त्याच जाळ्यावर लॉबीतलं वायफाय आहे. त्याचा पासवर्ड चेअरमननी नोटीस बोर्डावर "पाणी जपून वापरा"च्या खाली चिकटवून ठेवला आहे. बँक अधिकारी लॉबीत बसून फोनमधल्या एका ॲपनं सोसायटीचा प्रिंटर शोधत होते. ॲपनं प्रिंटरही दाखवला आणि शेजारी आमचं कपाटही दाखवलं. ज्यानं ३५ वर्षं बँकेत काढली, त्याला उघडी तिजोरी दिसली की तो शिल्लक बरोबर आहे ना, एवढं तरी बघणारच. सज्जन माणूस, म्हणून त्यांनी सांगितलं. न सांगणारे सज्जन किती होऊन गेले असतील, याचा मी दोन दिवस हिशेब करत होतो.

भाच्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, ते डीफॉल्टच तसं असतं."

डीफॉल्ट हा शब्द मी आधी फक्त बँकेच्या नोटिशीत वाचला होता. तिथं त्याचा अर्थ कर्ज थकवणं. कॉम्प्युटरमध्ये त्याचा अर्थ, कुणीच काही ठरवलं नाही म्हणजे जे ठरतं ते. दोन्ही ठिकाणी दार वाजतं ते आपलंच.

मी हसण्यावारी नेणार होतो, पण भाचा हसला नाही. त्यानं मला १२ मे २०१७ची आठवण करून दिली. त्या दिवशी वॉनाक्राय नावाची कीड जगभर पसरली. ती फाइलींच्या याच भाषेच्या दारातून, म्हणजे ४४५ नंबरच्या दारातून, विंडोजच्या यंत्रांत शिरत होती. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांवर रोग्यांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द करायची पाळी आली. त्या दाराची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये मिळत होती. ज्यांनी ती करून घेतली नव्हती त्यांना भोवलं. घाव विंडोजवर होता म्हणून सांबाचे भक्त निर्धास्त होते, तर त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक मोठं भोक सापडलं. ते २०१० सालच्या आवृत्तीपासून तिथं होतं. सात वर्षं भिंतीला भोक असूनही ज्यांच्या घरात कुणी शिरलं नाही, त्यांनी कुणाचे आभार मानायचे? "ज्यांनी दार बाहेरच्या बाजूला उघडलंच नव्हतं, त्यांनी स्वतःचे," भाचा म्हणाला.

मग आम्ही दारं मोजायला बसलो. तो बंगळुरूहून सांगणार आणि मी टाइप करणार. एक आज्ञा दिल्याबरोबर पाच नावं आली. या दारांना इंटरफेस म्हणतात. पूर्वी त्यांची नावं ईटीएच झिरो, ईटीएच वन अशी, बंडू-बाळूसारखी सुटसुटीत असत. हल्ली मुलांची नावं लांबली तशी यांचीही लांबली. सोसायटीच्या केबलच्या दाराचं नाव निघालं ईएनपीथ्रीएसझिरो. ईएन म्हणजे केबलचं जाळं, पीथ्री म्हणजे यंत्रातला तीन नंबरचा रस्ता, एसझिरो म्हणजे त्या रस्त्यावरची शून्य नंबरची खाच. सदाशिव पेठेतल्या पत्त्यापेक्षा हे सरळ आहे. दुसरं दार घरातल्या वायफायचं. तिसरं भाच्याला बंगळुरूहून दुरुस्तीला येण्यासाठी केलेलं भुयार. चौथा एक पूल निघाला. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा काल्पनिक कॉम्प्युटर चालवायचा झाला तर त्याच्याकडे जाणारा. तो काल्पनिक कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता, पूल मात्र होता. नदी नसताना बांधलेले पूल मी पाहिले आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. आणि पाचव्याचं नाव होतं नुसतं एलओ. "ते राहू दे, ते काही नाही," भाचा म्हणाला. ते काही होतं. ते पुढे येईल.

सांबाची सगळी अक्कल एका वहीत लिहिलेली असते. ती वही उघडली. भाच्यानं पहिली ओळ सांगितली. 'इंटरफेसेस', मग बरोबरचं चिन्ह, मग घरच्या वायफायच्या दाराचं नाव.

"झालं?" मी विचारलं.

"नाही मामा. ही नुसती यादी झाली. यादी लिहिली तरी दारं उघडीच राहतात."

हे मला लगेच पटलं. आमच्या सोसायटीतही पार्किंगला मान्यता असलेल्या गाड्यांची यादी फ्रेम करून लावलेली आहे, आणि तिच्याखालीच नको त्या गाड्या उभ्या असतात. यादीला दात लागतात. ते दुसऱ्या ओळीत होते. 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली', आणि पुढे 'येस'.

इंग्रजीला यासाठी तीन शब्द लागले. मराठीत एका अक्षरात काम भागतं. ते अक्षर म्हणजे 'च'. "या दारानं या" हे आमंत्रण झालं, "याच दारानं या" ही शिस्त झाली. "तुम्ही जेवायला या" आणि "तुम्हीच जेवायला या" यांत जो फरक आहे, तो ज्यांना कळला नाही, त्यांनी पाच पाहुण्यांचा स्वयंपाक करून पंधरांना वाढलेलं आहे. सांबाच्या वहीत 'च' लिहून आम्ही ती बंद केली, टेस्टपार्म नावाच्या मास्तरांकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आणि सांबाला एकदा झोपवून पुन्हा उठवलं. दाराची जागा तो उठतानाच निवडतो, मधे जागा बदलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? दाराशी एक वॉचमन बसवला असता तर? तशीही सोय आहे. कोणत्या पत्त्यावरच्यांना आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हेही वहीत लिहिता येतं. फरक असा, की वॉचमन आधी दार उघडतो, मग चौकशी करतो, मग नको असलेल्याला सांगतो की या नावाचं इथं कुणी नाही. सांबा खरोखरच या अर्थाचं उत्तर देतो. पण ते उत्तर देण्यासाठी त्याला दारापर्यंत यावं लागतं, आणि भोळा माणूस दारापर्यंत आला की विक्रेत्याचं निम्मं काम झालेलं असतं. 'च'वाल्या व्यवस्थेत सांबा त्या दाराशी जातच नाही. टकटक झाली तर यंत्रच परस्पर नकार देतं. आत सांबाला पत्ताही नसतो. जो उठलाच नाही, त्याला फसवणार कसं?

तरी वॉचमन ठेवाच, असं भाचा म्हणाला. कारण हे बंधन पडतं ते दाराच्या पत्त्यावर, उंबरठ्यावर नव्हे. एखादा बेरका माणूस सोसायटीच्या केबलवर उभा राहून आमच्या वायफायच्या पत्त्यानं हाक मारू शकतो, आणि लिनक्स सवयीनं ती हाक आत पोचवतं. म्हणून आधी कडी, मग वॉचमन, आणि आत कपाटाला कुलूप. मृत्युपत्र त्याच दिवशी भिशीच्या शेजारी कुलपात गेलं. शनिवारवाड्याला पाच दरवाजे होते आणि गारदी तर पगारी शिपाईच होते. तरी १७७३ साली नारायणरावांचा खून वाड्याच्या आतच झाला. दार सांभाळून सगळं भागतं असं नाही. पण दारच न सांभाळता भागतं असं तर मुळीच नाही.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली तिसऱ्या दिवशी उघडकीला आली. भिशी झाली की ही आपला पासवर्ड बदलते. त्यासाठीची एका शब्दाची आज्ञा भाच्यानं चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवली आहे. हिनं आज्ञा दिली आणि यंत्रानं ऐकलं नाही. आज्ञा न ऐकणाऱ्यांशी कसं वागायचं हे हिला चांगलं माहीत आहे, पण इथं ते चालेना. चौकशी केली तेव्हा ते पाचवं दार आठवलं, एलओ. ते बाहेर कुठंच जात नाही. ते यंत्राचं स्वतःकडे यायचं दार. त्याचा पत्ता १२७.०.०.१, आणि तो जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा सारखाच असतो. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम घरातलाच असला तरी रीतीनं जातो. याच दारावर टकटक करतो आणि सांबाला म्हणतो, मी आलोय. भाच्यानं यादीत ते दार घातलंच नव्हतं. जगाला बंदी करण्याच्या भरात सांबाचं स्वतःशी बोलणं बंद झालं होतं. अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत. यादीत एलओ घातलं आणि भिशी सुरक्षित झाली.

दुसरी गोष्ट वीज गेल्यावर कळली. वीज परत आली, सांबा उठला, पण वायफाय अजून जागं व्हायचं होतं. यादीतलं दारच जागेवर नाही, तेव्हा सांबा बाहेर कुठंच बसला नाही, आणि वायफाय आल्यावर आपण होऊन उठलाही नाही. येऊन-जाऊन असणाऱ्या दारांशी त्याचं जमत नाही. जाळं उभं राहीपर्यंत थांब, असं भाच्यानं त्याला लिहून दिलं. तेव्हापासून बरं चाललं आहे.

बरं चाललं आहे, असं मी आठ दिवस म्हणत होतो. नवव्या दिवशी दुपारी तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा जिना चढत नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आईंना बरं नाही का हो?"

"उत्तम आहे. का?"

"नाही, ओव्या यायच्या बंद झाल्या. म्हटलं, काय झालं कोण जाणे."

लॉबीतलं वायफाय तळमजल्यापर्यंत पोचतं. काकूंच्या नातवाला आमचं कपाट केव्हाच सापडलं होतं. त्यानं मृत्युपत्र उघडलं नाही, त्याला त्यात काय रस? त्यानं आजीला ओव्या लावून दिल्या. दोन महिने काकू रोज दुपारी तांदूळ निवडताना आमच्या आईला ऐकत होत्या. त्यांतल्या काही ओव्या त्यांच्या आईच्याही होत्या. कुणी गात होतं, म्हणून त्या ऐकत होत्या. आम्ही 'च' लिहिला आणि त्यांची दुपार बंद झाली. ज्या दारानं कलम ६३ आत आलं होतं, त्याच दारानं ओव्या बाहेर जात होत्या, हे वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

भाच्याला फोन केला. त्याच्याकडे उपाय होते. ओव्यांचं वेगळं कपाट करू, सोसायटीच्या केबलकडे दुसरा सांबा बसवू, त्याला वाचायची परवानगी देऊ, लिहायची देऊ नये. तो बोलत होता आणि मी कागदावर लिहून घेत होतो. आई पलंगावरून म्हणाली, "एवढं काय मांडलंय? तिला चार वाजता वर ये म्हणावं."

आता काकू रोज चार वाजता येतात. जिना हळूहळू चढतात, दोनदा थांबतात. थांबल्या की बँक अधिकारी त्यांना खुर्ची आणून देतात. मृत्युपत्रावर दुसरे साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली; मसुदा त्यांचा वाचलेला होताच. वर आल्यावर काकू एक ओवी सुरू करतात, आई ती पुरी करते, आणि मग आईला अशी एखादी आठवते जी भाच्याच्या फोनपुढे आठवली नव्हती. अशा अकरा निघाल्या. काकूंच्या नातवाला मी सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर दिल्या, पण काकू म्हणतात, त्यात आई मधेच थांबून चहा विचारत नाही.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, म्हणजे सहावं दार निघालं की." निघालं खरं. यंत्राच्या यादीत ते येत नाही, त्याला नंबर नाही, आणि तिथं 'च' लिहिलेला नाही. त्याची बेल मात्र गेल्या पावसाळ्यापासून बिघडली आहे. सेक्रेटरी म्हणून ती दुरुस्त करून घ्यायचं माझ्या मनात आहे, पण काकू हाका मारतात, आणि हाक पुरते.